टीव्ही घेताना कानही सोबत न्या

दिवाळी जवळ आली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, ‘नवा टीव्ही घ्यायचाय, कुठला घेऊ?’ मग ४३ इंची की ५५, फोर-के आहे का, ओएलईडी परवडेल का, यावर तासभर बोलणं होतं. आवाज कसा आहे, हे कुणीच विचारत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याचा त्रास घरातल्या म्हाताऱ्या माणसांना होतो.

आई-बाबा मालिका बघताना आवाज वाढवत नेतात आणि आपण म्हणून मोकळे होतो, ‘त्यांना कमी ऐकू येतं.’ वयाबरोबर कान मंदावतात आणि आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, हे खरं आहे. पण स, श, फ ओळखू येतात ते त्याच पट्टीमुळे. आणि आजचे बहुतेक टीव्ही नेमकी तीच वाया घालवतात. टीव्ही इतका सपाट झालाय की समोर स्पीकरला जागाच नाही, म्हणून तो खाली किंवा मागे बसवतात. वरच्या पट्टीतला आवाज सरळ रेषेत जातो. स्पीकरचं तोंड जमिनीकडे असलं की तो कपाटावर, भिंतीवर आपटून मग आपल्यापर्यंत येतो. स्वर कळतात, व्यंजनं हरवतात. आवाज कितीही वाढवा, गोंगाट वाढतो, शब्द काही कळत नाही.

खर्जाचं तर विचारूच नका. त्यासाठी भरपूर हवा ढकलावी लागते, म्हणजे मोठा स्पीकर आणि त्यामागे पोकळ खोकं हवं. जुन्या लाकडी टीव्हीत ते होतं. चित्र धूसर असेल, पण बातम्या स्वयंपाकघरातही स्पष्ट ऐकू यायच्या. आज टीव्हीवर एखादी मैफल लावून बघा. तबल्याची चाट कानावर येते, डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो.

ओटीटीवरच्या सिनेमात आणखी एक भानगड. ५.१ म्हणजे आवाजाचे सहा वेगळे भाग, त्यातले संवाद मुख्यतः मधल्या भागात. टीव्ही ते सगळं दोन बारक्या स्पीकरांत कोंबतो. पाठलागाला घर दणाणतं आणि पुढचं वाक्य पुटपुटल्यासारखं येतं. मराठी माणसाला मराठी सिनेमा इंग्रजी सबटायटल लावून बघावा लागतो, हे मला सहन होत नाही.

अॅपमध्ये ५.१ ऐवजी स्टीरिओचा, म्हणजे आवाजाच्या दोनच भागांचा, पर्याय मिळत असेल तर तो लावा, थोडा फरक पडतो. खरा उपाय म्हणजे वेगळे स्पीकर. माळ्यावर जुन्या म्युझिक सिस्टीमचे धूळ खात पडले असतील तर काढा. टीव्हीच्या मागे आवाज बाहेर देणारं एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल सॉकेट असतं, तीच सोय असलेला एक छोटा अॅम्प्लिफायर (स्पीकर चालवणारं यंत्र) त्याला जोडा आणि स्पीकर कानाच्या उंचीला, तोंड आपल्याकडे करून ठेवा. साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी, घेतलात तर संवादासाठी मधला स्पीकर वेगळा असलेलाच घ्या, नुसती धडधड नको. हॉलमध्ये टाइल्स आणि काच असेल तर आवाज घुमतो, तिथे जाड पडदे, सतरंजी, काहीतरी टाका.

साठ हजार खर्च करणार असाल तर पंचेचाळीस हजारांचा टीव्ही घ्या, उरलेले आवाजासाठी ठेवा. दहा इंच कमी आले तरी चालतील. आणि दुकानात आई-बाबांना सोबत न्या. तिथला चकचकीत डेमो बंद करायला सांगा, साध्या बातम्या लावा, आवाज घरात असतो तेवढाच ठेवा आणि त्यांना विचारा, आत्ता काय सांगितलं?