जिना हा सामान ठेवण्यासाठीच असतो

सोसायटी सुरक्षित करायची, वीज वाचवायची आणि जमलंच तर शेजारधर्मही वाढवायचा, असं तुमच्या मनात आलं असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. गेल्या आठवड्यात आमच्या मीटर रूममधून मध्यरात्री धूर निघाला. त्या एका रात्रीत या तिन्ही विषयांचं मला जे ज्ञान मिळालं, ते आजवरच्या एकाही वार्षिक सभेत मिळालं नव्हतं. सभेत मिळतो तो चहा, आणि तोही गार. तेव्हा हे ज्ञान तुम्हाला फुकट देऊन टाकतो.

सुरुवात समितीपासून करा. सुरक्षा समिती वेगळी, ऊर्जा बचत समिती वेगळी, सांस्कृतिक समिती वेगळी. तिन्हींत तीच पाच माणसं असली तरी बिघडत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र तीन हवेत. म्हणजे एकच फॉरवर्ड आपल्याला तीनदा वाचायला मिळतो.

मग कॅमेरे लावा. भरपूर लावा. नारळ फोडा, फोटो काढा, गेटवर 'आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात' अशी पाटी ठोका. त्यानंतर त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. लेन्सपुढे कोळ्याने जाळं विणलं तर विणू द्या. रात्री कॅमेऱ्याचाच उजेड त्या जाळ्यावर पडून पडद्यावर छान पांढरं धुकं दिसतं. हार्ड डिस्क लहानात लहान घ्यावी. ती भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, त्यामुळे चोरी लक्षात येईपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो आणि सोसायटीत उगाच कटुता येत नाही. रेकॉर्डरमधली तारीख-वेळ तर कधीच दुरुस्त करू नका. आमच्याकडे सगळ्या घटना कित्येक वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला घडतात.

येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करायला गेटवर वही ठेवा. पेन ठेवू नका.

वॉचमनचं काय करायचं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? बारा तासांच्या ड्यूटीत त्याने पंप सुरू करायचा, पंप बंद करायचा, गाड्या पुसायच्या, पार्सलं वर पोचवायची, चेअरमनसाहेबांच्या सुनेची बॅग रिक्षात ठेवायची. मधल्या वेळात आपण जाऊन 'गेटवर कुणीच नसतं' अशी तक्रार लिहावी. त्याला बसायला खुर्ची दिली तर झोपतो, नाही दिली तर नोकरी सोडतो, म्हणून एक पाय मोडलेली द्यावी.

विजेच्या बचतीकडे वळू. जिन्यातले जुने दिवे काढून एलईडी बसवले, की बचत झाली असं समजून ते दिवसरात्र चालू ठेवा. वीस वॉटचा दिवा चोवीस तास जळला तर दिवसाला जेमतेम अर्धं युनिट होतं, त्याचं काय एवढं? असे तीस दिवे भर उन्हाचे बारा तास उगाच जळले की रोजची सात युनिटं जातात, महिन्याची दोनशेच्या वर. पण ते सगळ्यांच्या बिलात वाटलं जातं, आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. स्वतःच्या न्हाणीघरातला दिवा राहिला म्हणून मुलावर ओरडणारा माणूस जिन्यातल्या बटणाकडे पाहतसुद्धा नाही. ते बटण कुणाच्या मालकीचं आहे, हे त्याला ठाऊक नसतं ना!

टाकी भरल्यावर पंप कापणारा फ्लोट स्विच खराब झाला असेल तर तसाच राहू द्या. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासभर जास्त चालली की चार युनिटांच्या आसपास वीज जाते, शिवाय गच्ची आपोआप धुऊन निघते.

छतावर सोलर बसवण्याचा विषय मात्र फार जपून हाताळावा लागतो. कुणीतरी तरुण, उत्साही सभासद उठून सांगतो की पंतप्रधान सूर्यघर योजना 2024 मध्ये आली, तिच्यात गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या सोलरसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर छत लागतं आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतात. लिफ्ट आणि पंपाचं बिल किती खाली येईल, याचा तक्ताही त्याने करून आणलेला असतो. त्याला तोडू नका, पूर्ण बोलू द्या. मग म्हणा, "आधी गळतीचं बघा." गळतीवर कुणी बोलायला उठलं की म्हणायचं, "आधी पार्किंगचं बघा." पार्किंगवर चर्चा सुरू झाली की कोरमची माणसं घरी जातात. पुढच्या सभेला तो तरुण भाड्याने दुसरीकडे राहायला गेलेला असतो आणि तक्ता फाइलमध्ये सुरक्षित राहतो.

इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करायला दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशनची वायर सोडा. पावसाळ्यात जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधली की झालं.

आता मुख्य विषय. जिना.

जिना सामान ठेवण्यासाठी असतो, हे काही मूठभर लोकांना अजून कळलेलं नाही. त्यांना वाटतं जिना चढण्याउतरण्यासाठी असतो. अहो, मग लिफ्ट कशाला आहे? जिन्याच्या लँडिंगवर चपलांचं कपाट ठेवा. त्यावर झाडाची कुंडी, कुंडीमागे छत्र्या. कपाटाशेजारी मुलाची लहानपणची सायकल, जिच्या दोन्ही चाकांत हवा नाही आणि जिचा मालक आता इंजिनिअरिंगला आहे. जुना सोफा 'कुणाला तरी द्यायचाय' म्हणून अर्ध्या जिन्यात उभा करा. तो कुणी नेणार नाही, याची खात्री बाळगा. वरच्या लँडिंगवर फुटक्या फरशा, रंगाचे अर्धे डबे, न वाजणारा कूलर. जिन्याचा आगरोधक दरवाजा तर वीट लावून कायम उघडा ठेवावा. आपोआप बंद होण्याची वाईट खोड असते त्याला. धूर जिन्यात शिरू नये म्हणून तो बसवलेला असतो, पण आपल्या घरात वारा यायला नको का? गच्चीच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली सेक्रेटरींकडे द्या. सेक्रेटरी गावाला जातील तेव्हा किल्लीही गावाला जाईल.

त्या रात्री आमच्याकडे हे सगळं अगदी व्यवस्थित जमून आलं होतं. मीटर रूममध्ये केबलचा एक जोड सैल झाला होता. सैल जोड तापतो, वरचं प्लास्टिक वितळतं, मग धूर. एवढ्यावर भागलं असतं, पण मीटर रूममध्ये सांस्कृतिक समितीने मागच्या सजावटीचे पुठ्ठे आणि पडदे ठेवले होते. का? तर 'तिथे कोरडं असतं.' खरंच कोरडं होतं. पेटायला अजिबात वेळ लागला नाही. सगळ्या इमारतीची वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि धूर उघड्या दारांतून जिन्यात शिरून धुराड्यातून जावा तसा वर निघाला. वर गच्चीला कुलूप. म्हणजे तो गोळा कुठे होणार, ते तुम्हीच ठरवा.

सुरक्षा समितीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'कसला तरी जळका वास येतोय का?' उत्तरं आली. 'हो.' 'आमच्याकडेही.' 'कचरा जाळला असेल.' 'लाइट फक्त आमची गेलीय का?' एकाने हात जोडलेले पाठवले. एवढी जागी, एवढी जबाबदार, एवढी एकोप्याने टाइप करणारी माणसं, आणि 101 एकानेही फिरवला नव्हता. शेवटी फोन केला तो वॉचमनने. त्याला ग्रुपमध्ये घेतलेलं नाही, म्हणून बिचाऱ्याला फोनच करावा लागला.

मी सहाव्या मजल्यावरून उतरत होतो. पाचव्यावर एकट्या राहणाऱ्या आजी दारात उभ्या होत्या. त्यांचे गुडघे धड नाहीत, त्या बसून बसून एकेक पायरी उतरतात. तोंडावर ओला पंचा, एका हाताने कठडा, दुसरा हात माझ्या खांद्यावर, असे आम्ही चौथ्याच्या लँडिंगपर्यंत आलो. तिथे त्यांचा पदर त्या सायकलच्या पेडलमध्ये अडकला. मोबाइलच्या उजेडात तो सोडवत मी वाकलोय, आजी म्हणताहेत, "फाडून टाक रे, फाडून टाक," आणि मागून उतरणारे लोक आमच्यावर येऊन आदळताहेत, कारण पुढे सोफा आहे आणि सोफ्याच्या बाजूने एका वेळी एकच माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. सायकलवाल्या घरचे गृहस्थ खाली आधीच पोचले होते. आम्ही बाहेर आल्यावर त्यांनी मला काय विचारलं माहीत आहे? "सायकलला काही झालं नाही ना?"

धुराने माणूस कसा मरतो, ते यांना माहीत नाही असं नाही. आग लागली की बहुतेकदा ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस गुंगून पायरीवर बसतो आणि उठत नाही. पेपरात अशी बातमी आली की हेच लोक ती ग्रुपवर टाकतात, खाली 'काळजी घ्या' लिहितात, आणि सोफा जिथे आहे तिथेच असतो.

अग्निशमन यंत्राबद्दलही दोन शब्द. ते भिंतीवर टांगलं की काम झालं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे की लाल, ते बघू नका, शुभशकुन नसतो. चालवायचं कसं हे कुणालाही शिकवू नका. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची, एवढंच असतं, पण एकदा शिकवलं की रहस्य काय राहिलं? आमच्याकडे त्या रात्री एका धाडसी गृहस्थांनी विजेच्या पॅनेलवर पाण्याची बादली उचलली होती. वॉचमनने त्यांचा हात धरला. पुढच्या सभेत वॉचमनने सभासदाशी उद्धट वर्तन केल्याचा विषय घ्यायचा आहे, तो विषयपत्रिकेत आला आहे.

मॉक ड्रिल रविवारी दुपारी ठेवा. कुणी येत नाही.

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 म्हणतो की आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि परवानाधारक एजन्सीकडून ती तपासून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र द्यायचं असतं. कुठल्याही सभेत विचारा, 'प्रमाणपत्र आहे का?' उत्तर येईल, 'आहे ना.' 'दाखवा.' 'फाइल खजिनदारांकडे आहे.' खजिनदार म्हणतील, 'मागच्या कमिटीकडे.' मागची कमिटी या कमिटीशी बोलत नाही. मालक म्हणजे आपणच, हे मात्र सगळ्यांना फक्त फ्लॅट विकताना आठवतं.

परवा चर्चेसाठी तातडीची बैठक झाली. ठराव काय झाला असेल? आणखी कॅमेरे. जिन्यातही लावायचे. म्हणजे पुढच्या वेळी आजी कुठे अडकल्या, ते आपल्याला नंतर स्पष्ट दिसेल. तारीख एक जानेवारी.

मी म्हणालो, कॅमेरे राहू द्या, आज रात्रीपर्यंत जिना मोकळा करू. शांतता. मग एक वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांनी काढलं तर आम्हीही काढू." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "आधी कमिटी मेंबरांच्या मजल्यावरचं काढा." चेअरमन म्हणाले, "नोटीस काढू." नोटीस निघाली. कपाटाला चिकटवली आहे.

बस झालं. आता सरळ बोलतो.

लाज वाटायला हवी आपल्याला. पैसे नाहीत म्हणून हे होत नाही, सरकार करत नाही म्हणून होत नाही, तंत्रज्ञान नाही म्हणूनही होत नाही. मीटर रूममधले पुठ्ठे उचलायला ठराव लागत नाही. दिवा बंद करायला अनुदान लागत नाही. आपल्या मजल्यावर कोण एकटं राहतं, कोणाला जिना उतरता येत नाही, हे विचारायला समिती लागत नाही, दार वाजवावं लागतं. वर्षाला एकदा इलेक्ट्रिशियन बोलवून मीटर रूममधले जोड तपासून घ्यायचे, घट्ट करून घ्यायचे, एवढाही खर्च नको म्हणून आपण हात वर करतो, आणि गेटवर ग्रॅनाइट लावायला मात्र लगेच वर्गणी जमते. शेजाऱ्याला धूर लागला तर चालेल, आपले चपलांचे जोड भिजता कामा नयेत, असा आपला हिशेब आहे. तो तोंडावर म्हणायची हिंमत नाही, म्हणून 'जागा कुठे आहे हो' म्हणतो. जागा नसेल तर विकून टाका, भंगारवाल्याला द्या, पलंगाखाली कोंबा, काय हवं ते करा. जिना तुमच्या फ्लॅटच्या कार्पेट एरियात येत नाही.

आणि हे वाचून सेक्रेटरीला 'माणूस पाठवा, कपाट हलवायचंय' असा फोन करू नका. दोन जण लागतात. तुमच्या घरात चार आहेत.