आवाज ऑफिसपर्यंत येता कामा नये

तुम्ही बी.एड. झालात, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा काढलीत, अभियोग्यता चाचणी दिलीत, शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम भरता भरता पोवई नाक्यावरच्या नेट कॅफेवाल्याशी घरोबा केलात आणि अखेर कुणाच्या तरी ओळखीनं साताऱ्यातल्या एका हायस्कुलात तासिका तत्त्वावर चिकटलात. अभिनंदन! शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरचे नवे शिक्षक, झाला असतात तर माध्यमिकला महिन्याला 18,000 रुपये हातात पडले असते आणि एवढ्या पैशांचं करायचं काय, हा घोर लागला असता. तुम्हाला तासावर पैसे. दिवाळी, मे महिना आणि रेड अलर्टची सुट्टी तुमच्या स्वतःच्या खर्चानं.

जागा कशी निघाली, हे विचारत बसू नका. कुणी मॅडम 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर असतात, कुणी सर प्रशिक्षणाला गेलेले असतात. उरलेले सरकारी कामाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं शिक्षकाच्या मागं तीनच अशैक्षणिक कामं ठेवली आहेत: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. तीनच! आता निवडणूक म्हणजे जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत, विधानसभा, लोकसभा आणि या सगळ्यांच्या मतदार याद्या, हे काही कायद्यानं मोजून दाखवायचं काम नाही. त्यात सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल आला. ज्यांची नोकरी अजून पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्या जुन्या गुरुजींनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं आलं. त्यामुळं शिक्षकखोलीत पाचवी ते आठवीला शिकवणारे एखादे ज्येष्ठ सर वर्तमानपत्राच्या आड बालमानसशास्त्राचा प्रश्नसंच सोडवताना दिसले, तर तुम्ही खिडकीकडं बघा. तुमच्याकडं टीईटीचं प्रमाणपत्र आहे आणि नोकरी नाही, त्यांच्याकडं नोकरी आहे आणि प्रमाणपत्र नाही. अशा वेळी नजरानजर झाली की दोघांचाही चहा गार होतो.

पहिल्या दिवशी पर्यवेक्षक बदली तासांची, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर कुणी जायचं याची, वही पुढं करतील. तिच्यात तुमच्या नावासमोर दहावी ब, सहावा तास, भूमिती असं लिहिलेलं असेल. तुमचा विषय भूगोल आहे, हे सांगायला तोंड उघडाल तेवढ्यात ते खांद्यावर हात ठेवून म्हणतील, "काही शिकवलं नाही तरी चालेल हो. फक्त आवाज ऑफिसपर्यंत येता कामा नये."

हे वाक्य पाठ करा. बी.एड.ला तुम्ही जी सूक्ष्म अध्यापनाची कौशल्यं घोटलीत, पाठ टाचणं काढलीत, प्रेरण, प्रस्तावना, हेतुकथन असले तक्ते रंगवलेत, ते सगळं या एका वाक्यात मिटलं.

अडचण एवढीच, की हे वाक्य वर्गालाही पाठ आहे.

तुम्ही दारात पाऊल टाकताच साठ पोरं उभी राहतील आणि "न म स्ते स ऽ ऽ र" असं इतकं लांबवतील, की तुम्ही टेबलापर्यंत पोचून, खडू शोधून, तो नाही हे कळून परत दाराकडं बघेपर्यंत 'र' यायचा असेल. हा आदर आहे. त्यात दोन मिनिटं जातात, पण 35 मिनिटांच्या तासिकेतली दोन मिनिटं म्हणजे काही कमी नाही. मुलं तुमचंच काम हलकं करत असतात.

मग फळा बघा. डाव्या कोपऱ्यात पट, हजर, गैरहजर. वरती सुविचार, तो साधारण गणेशोत्सवाच्या आधीचा. उजव्या कोपऱ्यात चौकट आखून 'बोलणारी मुले' आणि त्याखाली नावं. नावापुढं फुल्या असतात. एक फुली म्हणजे बोलला, दोन म्हणजे परत बोलला, तीन म्हणजे मॉनिटरला उलट बोलला. नीट पाहिलंत तर मधली दोन-तीन नावं बोटानं पुसलेली दिसतील आणि मॉनिटरच्या कंपासपेटीत आवळासुपारीची पुडी. त्यात नाक खुपसू नका. कर्मवीरअण्णांच्या जिल्ह्यात 'कमवा आणि शिका' ही काय आजची गोष्ट आहे?

हजेरी मात्र घ्याच. साताऱ्यात हजेरीपटाला मान आहे. 7 नोव्हेंबर 1900 ला इथल्याच शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तेव्हा भक्तिभावानं नंबर पुकारा. सतरा नंबर तीन वेगवेगळ्या आवाजांत हजर होईल. तेवीस नंबर कुणीच उचलणार नाही, पण बेरीज बरोबर येईल. गैरहजरांची कारणं शेजारची पोरं सांगतील आणि त्यातून तुमचा जिल्ह्याचा भूगोल पक्का होईल. पौषात मांढरदेव, रंगपंचमीला बावधनचं बगाड, थंडीत पुसेगाव, चैत्रात शिंगणापूर. "सर, त्यो पावण्यांच्यात गेलाय, जत्रंला." वर्गातल्या एकूणएक पोराचे पावणे यात्रेच्या गावालाच कसे, असला प्रश्न विचारणारा माणूस साताऱ्याचा नव्हे.

यानंतर तुमची मुलाखत होईल. पहिल्या बाकावरून सुरुवात होते, कारण शेवटच्या बाकावरची मंडळी निकाल देण्याचं काम बघतात.

"सर, गाव कुठलं?"

"सर, लगीन झालंय का?"

"सर, परमनंट हाय का?"

इथं जरा थांबा, घसा खाकरा. हो म्हणालात तर वर्गातल्या कुणाचा तरी मामा संस्थेत क्लार्क असतो. नाही म्हणालात तर लगेच सहानुभूती सुरू होते, आणि ती उलट बोलण्यापेक्षा महागात पडते. "आमचा दाद्या पण बीएड हाय सर. दोनदा टीईटी पास हाय. आता डेअरीवर दूध मापतोय." सगळा वर्ग तुमच्याकडं, मयताला आल्यासारखा, मान किंचित कलती करून बघेल. त्यातलंच एखादं गुणी लेकरू धीर देईल, "पण त्याला रोजच्या रोज पैसं मिळत्यात सर."

आता मूळ व्यवहार. मुलांकडं शांतता आहे आणि तुम्हाला ती हवी आहे. भाव ती ठरवतात. पहिली मागणी ग्राउंडची. "सर, ग्राउंडवर सोडा, आवाज अजिबात करत न्हाय." तर्क बिनतोड आहे. वर्गात पोरंच नसली तर वर्गाचा आवाज येईल कसा? पण ग्राउंड ऑफिसच्या खिडकीखाली, म्हणून तो सौदा मोडतो. मग गोष्ट. मग गाणी. मग "सर, भुताचं सांगा." मग पाण्याची बाटली भरायला दोघं, त्या दोघांना शोधायला एक, आणि त्या तिघांना घेऊन यायला मॉनिटर. दहा मिनिटांत वर्गाचा पट हलका होतो. पर्यवेक्षक व्हरांड्यातून जाताना आत बघून समाधानानं मान डोलावतात.

मागणी धुडकावलीत तर हुंकार सुरू होईल. तोंडं मिटलेली, नजरा पुस्तकात, हात घडी घातलेले आणि खोलीभर एक "हूंऽऽऽ". तुम्ही ज्या रांगेत जाल ती रांग गप्प होईल आणि मागं सोडलेली सुरू होईल. इथं 'कोण आहे रे तो' एवढं मात्र विचारू नका. साठच्या साठ बोटं खिडकीजवळच्या एका पोराकडं जातील. तो बिचारा त्या वेळी खरोखरच गणित सोडवत असतो.

छडीचा विचार मनात आला असेल तर तो शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 च्या पायाशी वाहा. शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रास नाही. तो कायदा 14 वर्षांपर्यंतचा, हे दहावीला सांगून काही फायदा नाही, पुढं 18 पर्यंत बाल न्याय कायदा उभाच आहे. गंमत पालक सभेच्या दिवशी होते. पोराचा बाप मोटरसायकल लावून, टोपी सारखी करून तुमच्यापुढं येतो आणि भर व्हरांड्यात सांगतो, "गुरुजी, हाणा बिनधास्त. डोळं सोडून कुठंबी हाणा." शेजारी उभं असलेलं पोरगं कायद्याचं कलम तोंडपाठ असल्यासारखं मंद हसतं. बापाला वाटतं तुम्ही भित्रे, पोराला वाटतं तुम्ही हुशार. तुम्ही दोघांनाही चहा विचारा.

तरीही काही हट्टी माणसं असतात. त्यांना वाटतं शिकवावं. अशांनी पुस्तक उघडून "कुठपर्यंत झालंय?" असं विचारून बघावं. निम्मा वर्ग म्हणेल "झालंय", निम्मा म्हणेल "राह्यलंय", आणि दोन्ही खरं असतं. कुठलीही वही उचला. पहिल्या पानावर 'समरूपता' हे शीर्षक, त्याखाली लाल पेननं दोन रेघा, शेजारी फुलाची नक्षी, खाली दोन त्रिकोण, एक मोठा आणि एक छोटा. पुढची पानं कोरी. परीक्षेत भूमितीला 40 गुण असतात, हे पोरांना माहीत आहे. नक्षीला किती, याची चौकशी अजून चालू आहे.

समजा तुम्ही हट्टाला पेटलात. ऊन स्वच्छ पडलंय, मागं अजिंक्यतारा दिसतोय, खाली मैदानात ध्वजस्तंभ. तुम्ही विचारलंत, "वर न चढता या खांबाची उंची कोण सांगेल?" आधी हसू. मग बाटलीवाले चौघं परत आलेले असतात, मॉनिटर सोडून उरलेल्या तिघांना पट्टी घेऊन खाली पाठवलंत. 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरली, सावली 20 सेंटिमीटर. खांबाची सावली पावलांनी मोजली, मग दोरीनं मोजली, चार मीटर भरली. वरून खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "सहा मीटर!" दुसरा ओरडला, "कसं काय सहा?" दुसऱ्या बाकावरची, वर्षभरात कुणी आवाज न ऐकलेली मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, चूक हाय. सावलीचा खालचा भाग चौथऱ्यावर पडलाय, तेवढा वेगळा धरायला पायजे." झालं! वर्गाचे दोन तट पडले. चौथरा धरणारे आणि न धरणारे. फळ्यावरची 'बोलणारी मुले' पुसून तिथं त्रिकोण काढले गेले, आणि तो पुसणारा होता स्वतः मॉनिटर. हुंकार घालणारा म्हणून ज्याच्याकडं बोटं जायची तो खिडकीतला पोरगा गुणोत्तर मांडत होता. सगळा वर्ग एकदम बोलत होता आणि विषय भूमिती होता.

आवाज ऑफिसपर्यंत गेला. जाणारच.

पर्यवेक्षक दारात. "सर, काय चाललंय? साहेबांचा फोन चालू आहे आत." तुम्ही म्हणाल, समरूपता. ते म्हणतील, "ते राहू द्या, नेहमीचे सर आल्यावर घेतील." वर्ग खाली बसेल, हाताची घडी, तोंडावर बोट. सहा मीटर की जास्त, हे तसंच राहील. दुसऱ्या दिवशी वहीत दहावी ब च्या समोर तुमच्या जागी पीटीच्या सरांचं नाव असेल. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते, त्यामुळं त्यांच्या तासाला होणारा आवाज शिस्तीत मोडतो.

शेवटचा तास मिळाला तर देवाचं नाव घ्या. बोगद्याच्या पलीकडची पोरं पावणेपाचपासून दप्तर मांडीवर घेऊन बसतात. "सर, परळीची गाडी जाईल." "सर, ठोसेघरची चुकली की मुक्कामच हाय." खरी गाडी कुठली आणि बदली तासालाच सुटणारी कुठली, हे शोधायला स्टँडवरच्या चौकशी खिडकीत फोन लावू नका. तो फोन उचलेपर्यंत दोन्ही गेलेल्या असतात. मुलींच्या हातात मोफत पास असतो, मुलांच्या हातात सवलतीचा, आणि तुम्ही पूर्ण तिकीट काढून त्याच गाडीत उभे. बसायला जागा पोरंच देतील. "सर बसा, दिवसभर उभंच हाय तुम्ही." ही जागा घ्या. मानधनाआधी जे काही पदरात पडेल ते नाकारायचं नसतं.

मानधनाचं मात्र रीतसर आहे. महिना संपला की क्लार्कसाहेबांकडं जा. तुम्ही तासिका मोजून आणलेल्या असतील, ते त्यांचे घड्याळी तास करतील आणि त्या भागाकारात तुमचे दोन दिवस कमी होतील. बाकी उरलेल्या तासांना बदली वहीचा पुरावा लागतो, वहीत तुमची सही लागते, सहीखाली पर्यवेक्षकांची लागते. वही मात्र ज्यांच्या जागी तुम्ही आलात त्या रजेवरच्या सरांच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडं. ते रुजू झाले की कपाट उघडेल, वही निघेल, बिल लागेल. ते रुजू झाले की तुम्ही कोण, हे बिल लावताना विचारतीलच, तेव्हा ओळखपत्राची झेरॉक्स आताच दोन प्रतींत काढून ठेवा. स्टँडसमोर काढलीत तर स्वस्तात होते.