नूतनीकरण : ३० नोव्हेंबरच्या रात्री करावयाचा विधी

इंग्लंडमध्ये समाजकार्यकर्ता म्हणून नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला सोशल वर्क इंग्लंड ही नियामक संस्था आपली नोंदणी नव्याने करून घेण्यासाठी दरवर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर अशी तब्बल तीन महिन्यांची मुदत देते. इतक्या उदार मनाने दिलेली मुदत अखेरच्या तासापर्यंत वापरली नाही, तर तो देणाऱ्याचा अपमान ठरतो, हे तत्त्व आपण प्रथम मनाशी पक्के करावे. त्यातून आपण मराठी असाल तर पंचांगच आपल्या बाजूने उभे आहे. सप्टेंबरात गणपती असतात, आणि आरतीच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून बसणे बरे दिसत नाही. लगोलग पितृपक्ष लागतो, आणि त्यात कोणतेही नवे कार्य करू नये असे आपल्या आजीने सांगून ठेवले आहे. नूतनीकरण या शब्दातच 'नूतन' असल्यामुळे त्याबाबत शंकेला जागाच उरत नाही. पुढे नवरात्र, मग चकलीची भाजणी भारतातून कोण घेऊन येणार याचा घोर, मग दिवाळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथील घड्याळे एक तास मागे जातात, तो तास अर्जासाठी राखून ठेवावा आणि त्या तासात झोपावे.

या काळात संस्थेकडून स्मरणपत्रे येत राहतात. त्यांचा त्रास टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे नोंदणीवर ज्या काउन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, नोकरी आपण तीन वर्षांपूर्वी सोडली, तिथला ईमेल पत्ता तसाच राहू द्यावा. मी हा उपाय एका वर्षी स्वतः करून पाहिला आहे आणि त्या शरद ऋतूइतकी मनःशांती मला नंतर कधी लाभली नाही.

शुल्काबाबत मात्र जागरूक राहावे, म्हणजे त्याविषयी भरपूर बोलावे. अनेक वर्षे ९० पौंडांवर स्थिर असलेली रक्कम २०२५ मध्ये १२० पौंडांवर गेली, हा विषय दुपारच्या डब्याच्या वेळी किमान एक आठवडा पुरतो. या शुल्कावर आयकरात सवलत मागता येते, ही माहिती सहकाऱ्यांना आवर्जून द्यावी आणि स्वतः ती सवलत कधीही मागू नये. पैसे बँकेतून परस्पर वळते होत असतील तर सोन्याहून पिवळे. कारण मग पैसे गेले म्हणजे नूतनीकरण झाले, असे समजून निवांत बसता येते. प्रत्यक्षात अर्ज, सीपीडीच्या (म्हणजे नोकरीत राहून चालू ठेवायच्या व्यावसायिक शिक्षणाच्या) नोंदी आणि शुल्क या तिन्ही गोष्टी पूर्ण झाल्याखेरीज नूतनीकरण होत नाही, हे संस्था वारंवार सांगते. परंतु वारंवार सांगितलेली गोष्ट आपण ऐकत नाही, ही तक्रार तर ज्या मुलांसाठी आपण काम करतो त्यांच्या पालकांविषयी आपणच दर आठवड्याला लिहीत असतो.

आता सीपीडी. जुन्या जमान्यात, म्हणजे २०१२ पूर्वी नियामक असलेल्या परिषदेच्या काळात, नोंदणी तीन वर्षांची असे आणि त्या अवधीत ९० तास प्रशिक्षण दाखवले की भागत असे. पुढच्या नियामकाने नूतनीकरण दोन वर्षांवर आणले आणि २ डिसेंबर २०१९ ला सूत्रे हाती घेतलेल्या सध्याच्या संस्थेने ते दरवर्षीचे केले. (या गतीने आपल्या मुलांच्या पिढीला ते दर सोमवारी करावे लागेल.) तास मोजण्याची सोय गेली, ही खरी हानी. तास मोजले जात असताना माणूस मागच्या रांगेत डोळे मिटूनही ते भरू शकत असे. आता वर्षाला किमान दोन नोंदी लिहायच्या, आणि त्यांत काय शिकलो, त्यामुळे आपल्या कामात काय बदलले, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना त्याचा काय उपयोग झाला, हे सांगायचे. प्रश्न साधे आहेत, आणि तीच त्यांची अडचण आहे.

त्यावर उतारा आहे. ३० नोव्हेंबरला रात्री साडेदहा वाजता चहाचा कप घेऊन बसावे, वर्षभराच्या ईमेलमध्ये 'वेबिनार' हा शब्द शोधावा आणि जो पहिला सापडेल त्याने आपले आयुष्य बदलले असे लिहावे. आघातसंवेदनशील दृष्टिकोन, बहुविद्याशाखीय समन्वय, सक्षमीकरण, असे वजनदार शब्द पेरत गेले की परिच्छेद आपोआप फुगतो. त्या वेबिनारच्या वेळी आपण कॅमेरा बंद ठेवून दुसऱ्या केसचा अहवाल टंकत होतो, याची वाच्यता करू नये.

वर्षभरात आपण खरोखर जे शिकलो ते मात्र चुकूनही लिहू नये. उदाहरणार्थ, गेल्या फेब्रुवारीत मी एका घरी होम व्हिजिटला गेले होते. घर थंडगार होते, मूल घरातच अंगात कोट घालून बसले होते, खिडकीच्या चौकटीला काळी बुरशी धरली होती, आणि मी परत येऊन 'घरातील परिस्थिती असमाधानकारक; आईला गृहव्यवस्थापनाबाबत मार्गदर्शनाची गरज' असे लिहिले. तिसऱ्या भेटीत जिन्याखाली माझी पर्स पडली, ती उचलताना विजेच्या मीटरचा छोटा पडदा दिसला. आगाऊ पैसे भरून चालणारे मीटर होते ते, आणि भरलेले पैसे संपून ते उधारीवर चालले होते. उधारीतलेही ४ पौंड १२ पेन्स उरले होते. त्या बाईला घर चालवता येत नव्हते असे नाही, तर त्या ४ पौंड १२ पेन्समध्ये तिने घर गुरुवारपर्यंत चालवायचे ठरवले होते, आणि माझ्यापेक्षा तिचा हिशेब पक्का होता. तेव्हापासून कोणत्याही थंड घरात शिरल्यावर मी आधी मीटर पाहते आणि मग लेखणी उचलते.

असे काही सीपीडीत लिहिणे किती गैरसोयीचे आहे पाहा. एक तर कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील नोंदीत येऊ द्यायचा नाही, हा नियम आहे, म्हणजे लिहिताना विचार करावा लागतो. दुसरे म्हणजे आपले आधीचे वाक्य चुकीचे होते, हे कबूल करावे लागते. आणि तिसरे, संस्थेने नोंदीत जे विचारले आहे नेमके तेच त्यात येते, त्यामुळे नोंदी म्हणजे निव्वळ कागदी घोडे, ही आपली दरवर्षीची तक्रार लंगडी पडते. वेबिनारमध्ये यांपैकी कोणताही धोका नाही. नोंदणीधारकांपैकी थोड्यांच्याच नोंदी यादृच्छिक निवडीने तपासल्या जातात, हाही दिलासा मनाशी बाळगावा. लॉटरी आपल्याला लागत नाही, हे आपण जन्मभर पाहत आलो आहोत.

दोन नोंदींपैकी एक सहकाऱ्याशी चर्चा करून लिहायची असते. ही चर्चा वर्षात केव्हाही झाली तरी चालते, म्हणूनच ती रात्री अकरा वाजता करावी. माझ्याबरोबर मुंबईत शिकलेली आणि आता इथल्याच दुसऱ्या एका काउन्सिलमध्ये काम करणारी मैत्रीण त्या वेळी हमखास जागी असते, कारण तिचाही अर्ज राहिलेला असतो.

"अगं, आपण मार्चमध्ये एकदा तासभर बोललो होतो ना, ते सहकाऱ्याबरोबरचं चिंतन म्हणून लिहू का?"

"मार्चमध्ये आपण कटाची आमटी पातळ का होते त्याबद्दल बोललो होतो."

"मग त्याआधी?"

"त्याआधी तू रडत होतीस. त्या मीटरवरून."

अशा वेळी विषय बदलावा आणि आमटीकडे परत यावे.

शेवटी आपण व्यावसायिक मानके पाळतो, काम करण्यास पात्र आहोत आणि सांगण्यासारखे काही दडवलेले नाही, अशी प्रतिज्ञा असते. तिथे खूण करून पुढे जावे. वाचायला घेतले तर बारा वाजतील.

हे सर्व करताना मायभूमीची आठवण येणे स्वाभाविक आहे. मुंबईत नागपाड्याला १९३६ मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, त्याला आता नव्वदेक वर्षे झाली. परंतु समाजकार्य करणाऱ्या सर्वांना लागू होईल असा परवाना आपल्याकडे अजून नाही. २०२१ च्या कायद्याने रुग्णालयांत आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना आरोग्य-व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली, एवढेच. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेऊन वस्तीत वीस वर्षे काढलेल्या बाईला लोक 'संस्थेच्या ताई' म्हणतात, आणि 'समाजसेवक' ही पदवी चौकातल्या फ्लेक्सवर, सोनेरी चौकटीचा गॉगल लावलेल्या इसमाच्या छायाचित्राखाली, वाढदिवसाच्या निमित्ताने मिळते. तिचे नूतनीकरणही दर वाढदिवसाला आपोआप होते, आणि शुल्क मित्रपरिवार भरतो. इंग्लंडमध्ये मात्र १ एप्रिल २००५ पासून नोंदणी नसताना फसवणुकीच्या हेतूने स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवणे हा गुन्हा आहे. आपल्या चौकातली अर्धी फ्लेक्स मंडळी या कायद्याखाली आली असती, या कल्पनेने त्या रात्रीचा चहा जरा गोड लागतो.

मुदत चुकलीच, तर घाबरू नये. नाव रजिस्टरवरून निघते, परत यायचे तर वेगळा अर्ज आणि वेगळे पैसे लागतात आणि तोवर समाजकार्यकर्ता म्हणून काम करता येत नाही, इतकेच. टीम मॅनेजर आपल्या केसेस दुसऱ्यांना वाटून देईल. त्यांत एखादा सात वर्षांचा मुलगा असेल, ज्याची आपण या वर्षातली तिसरी कार्यकर्ती होतो आणि जो गेल्याच आठवड्यात पहिल्यांदा आपल्याशी दोन वाक्ये बोलला. चौथी कार्यकर्ती त्याला स्वतःचे नाव सांगेल आणि तो पुन्हा गप्प बसेल. आपण कुठे गेलो, असे त्याने विचारले, तर आपला ऑक्टोबर भाजणीत गेला हे त्याला कसे सांगावे, यासाठी मात्र अद्याप कोणतेही वेबिनार उपलब्ध नाही.

अर्ज पोहोचल्याचा ईमेल आला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ डिसेंबरला, नोंदणीचे नवे वर्ष सुरू होते. त्या दिवशी न चुकता एक नवी वही विकत घ्यावी, पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात 'सीपीडी' लिहावे आणि खाली रेघ ओढावी. माझ्याकडे अशा पाच वह्या आहेत. मागच्या पानांवर वाणसामानाच्या याद्या आहेत, कारण वही हाताशी असली की याद्यांसाठी फार उपयोगी पडते; आणि गेल्या वर्षीच्या वहीत, रेघेखाली, घाईत लिहिलेली एकच ओळ आहे : '४ पौंड १२. गुरुवार.'