सोव्हिएत पदकावरच्या क्रमांकावरून सैनिकाचं नाव सापडतं का?

'पदकामागचा क्रमांक रशियन संकेतस्थळावर टाका, सैनिकाचं नाव मिळेल' असा दावा फिरतो आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे.

मुळात मोहिमांच्या पदकांवर क्रमांकच नसतो. ९ मे १९४५ रोजी स्थापन झालेलं 'जर्मनीवरील विजयाबद्दल' हे ३२ मिमीचं पितळी पदक सुमारे दीड कोटी लोकांना मिळालं, सगळी बिनक्रमांकाची. बर्लिन, लेनिनग्राडच्या पदकांचंही तेच. नाव असतं ते सोबतच्या कागदी प्रमाणपत्रावर. म्हणूनच कुठलंही पदक कुठल्याही प्रमाणपत्राला जोडून 'मूळ जोडी' म्हणून विकता येतं.

'लाल तारा', 'गौरव', 'देशभक्तीपर युद्ध' या ऑर्डरींवर (पदकांपेक्षा वरच्या दर्जाच्या सन्मानचिन्हांवर) क्रमांक असतो. पण 'पोदविग नारोदा'वर, म्हणजे सन्मानांची शिफारसपत्रं जिथे ठेवली आहेत त्या रशियन संकेतस्थळावर, शोध मुख्यतः नावाने लागतो. शिफारसपत्र आधी लिहिलं जाई, प्रत्यक्ष पदक नंतर हाती पडे. त्यामुळे त्यात क्रमांक सहसा नसतो. तो सापडतो सैनिकाच्या ऑर्डर-पुस्तिकेत किंवा पोदोल्स्कच्या लष्करी अभिलेखागारातल्या नोंदपत्रावर. तिथून नाव, पितृनाम, जन्मवर्ष घ्या, मग शिफारसपत्र शोधा. एकाच नावाचे ढीगभर सैनिक निघतात, तेव्हा तुकडी आणि भरतीचं ठिकाणही जुळायला हवं.

'देशभक्तीपर युद्ध'ची १९८५ची आवृत्ती हयात माजी सैनिकांना सरसकट दिली गेली. तिच्यामागे लढाईतला पराक्रम शोधणं व्यर्थ, विक्रेता काहीही सांगो.

आणि हो, रशियात सोव्हिएत राज्य-सन्मानांची खरेदी-विक्री फौजदारी गुन्हा आहे.