टेबलाचे पाय आणि खालचे काका

फर्निचर घेताना सगळे वरून बघतात. पॉलिश कसं आहे, रंग भिंतीला शोभतो का, पाहुणे आले तर किती जण बसतील. खाली वाकून पाय बघणारा एकच प्राणी असतो, तो म्हणजे घरमालक.

आमचे घरमालक लातुरात आमच्याच खाली राहतात. वरच्या मजल्यावरची दोन बाय दोनची चकचकीत फरशी काकांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. भाडं न्यायला येतात तेव्हा चप्पल दाराबाहेर काढून सगळ्या घरातून अनवाणी फिरतात. आम्हाला आधी तो संस्कार वाटला. काका तळपायानं ओरखडे चाचपतात, हे पुढं बायकोच्या लक्षात आलं.

त्यांचा मुख्य राग आमच्या जेवणाच्या टेबलावर. गावाकडचं माळवद उतरवलं तेव्हा निघालेल्या सागवानी फळ्यांचं हे टेबल. लाकूड एक नंबर, पण कोपऱ्यातले सांधे ढिले. कुणी कोपर टेकलं की वरणाला लाटा येतात. आईनं 30 सप्टेंबर 1993ची पहाट बघितलेली आहे. टेबल हललं की ती आधी दाराकडं बघते, मग माझ्याकडं, मग भाकरीचा पुढचा तुकडा मोडते.

या टेबलाला कोपऱ्यात एल पट्ट्या मारायच्या, हे उदगीरच्या मेव्हण्यांनी ठरवलं. मेव्हणे आले की आमच्याकडं काहीतरी दुरुस्त होतं आणि ते गेल्यावर ते पुन्हा दुरुस्त करावं लागतं. येताना ते पट्ट्या आणि ‘पंचवीस-सहा’चे स्क्रू घेऊनच आले. स्क्रूचा पहिला आकडा मिलिमीटरमधली लांबी सांगतो. आमची फळी पाऊण इंची, म्हणजे 19 मिलिमीटर. पट्टीची जाडी दोन. बाकीचं गणित टेबलानंच करून दाखवलं. खाली आडवे पडून मेव्हणे जोर लावत होते आणि वर, ऐन मुलाच्या ताटाशेजारी, चार मिलिमीटरचं टोक सागवान फोडून बाहेर डोकावलं. खालून आवाज आला, “बघा दाजी, कसा कच्चून बसलाय!” त्या टोकावर बायकोनं शेंगदाण्याच्या चटणीची वाटी ठेवली. मेव्हणे असेतो ती वाटी कुणालाही उचलता आली नाही. चटणी हवी असेल त्यानं उठून वाटीपाशी जायचं.

मेव्हणे गेल्यावर मी गंजगोलाई गाठली. तिथं 16 रस्ते येऊन मिळतात. आत शिरणं सोपं आहे. हवं ते दुकान सापडेपर्यंत मात्र मधल्या देवीला प्रदक्षिणा आपोआप घडते. हार्डवेअरच्या दुकानदारानं माझी हकिगत डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, “भोकं गोल होती का लांबट?”

मला भोकाला आकार असतो एवढंही ठाऊक नव्हतं. त्यानं काउंटरवर एक पट्टी ठेवली. एका बाजूची भोकं गोल, दुसऱ्या बाजूची लांबट, खाचेसारखी. “गोल भोकं पायाकडं, लांबट फळीकडं. लाकूड उन्हाळ्यात आडवं आकसतंय, पावसाळ्यात फुगतंय. त्याला सरकायला जागा नको का? आवळून टाकलं की चिरतंय.” आमच्याकडं एप्रिलपासून पारा चाळिशीच्या पुढं, मग श्रावणात भिंतीसुद्धा दमट. माणसांना सरकायला जागा नाही, पण लाकडाची सोय कुणीतरी करून ठेवली आहे, याचं मला फार बरं वाटलं. पट्ट्या घेतल्या, स्क्रू बुटके घेतले.

पाया पडून खुर्च्यांचाही विषय काढला. आमच्या खुर्च्या लोखंडी पाइपाच्या. पायातले मूळचे बूच कधीचेच गळून गेलेले. त्यामुळं खुर्ची सरकवली की अशी किंचाळते, की काका खालून छताला झाडूचा दांडा ठोकतात. “रबरी बूच द्या,” म्हणालो. दुकानदार पुन्हा चालू झाला. गोल का चौकोनी? आत ठोकायचा का वरून चढवायचा? वरून चढवायचा तर पाइपाचं बाहेरचं माप सांगा, आत ठोकायचा तर आतलं. मी बोटांनी माप दाखवलं. असल्या मापाचं फार काही बघितल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला, “एक खुर्ची घेऊन या.”

लातूरच्या बाजारातून डोक्यावर खुर्ची घेऊन जाणाऱ्या माणसाला ओळखीचे किती लोक भेटतात, हे ज्याचं त्यानं अनुभवावं. प्रत्येकानं विचारलं, “सभा कुठंय?”

चिकटवायच्या लोकरी चकत्यांचाही मी विचार केला होता. दिसायला गोजिरवाण्या. पण त्यात केस अडकतात, वाळूचे कण अडकतात, आणि फरशीला खरा ओरखडा पडतो तो त्या कणांनी. वाळूतली गारगोटी लोखंडापेक्षा कडक असते. म्हणजे फरशी वाचवायला लावलेली चकतीच वर्षभरात पॉलिश पेपर होऊन फिरते, आणि वर उन्हाळ्यात गोंद वितळून सरकते ती वेगळीच. रबरी बूचच बरे.

बूच बसले. टेबल गप्प झालं, खुर्च्या मुक्या झाल्या. चटणीची वाटी फिरू लागली. काकांचा झाडू बंद पडला. आठवडाभरातच काका वर आले. चप्पल पायातच.

“काय करायलाव तुमी लोकं?” ते म्हणाले. “परवा रातच्याला नळाला पाणी येऊन गेलं, आमाला पत्ता नाही!”

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा वेळ सांगून येत नाही. आलं की मी खुर्ची ओढत मोरीपाशी नेतो आणि तिच्यावर चढून टाकीचा कॉक फिरवतो. ती किंचाळी ऐकून काका इतकी वर्षं खाली आपली मोटार चालू करत होते. झाडूही आपटत होते, पण मोटार लावून झाल्यावर.

शेवटी तह झाला. मोरीजवळच्या खुर्चीचे बूच काकांनी स्वतःच्या हातानं उपसून काढले आणि खिशात घातले. खाली त्यांच्या टीव्हीच्या स्टँडला ते बरोबर बसले म्हणे.