वेल्सनं केलं ते कोल्हापूरनं करू नये

२९ नोव्हेंबर २०२५ ला कार्डिफमध्ये रग्बीच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेनं वेल्सला ७३-० असं हरवलं. वेल्सच्याच घरच्या मैदानावर, एकही गुण न देता. सामना ठरलेल्या आंतरराष्ट्रीय तारखांच्या बाहेरचा होता, त्यामुळं इंग्लंड-फ्रान्समधल्या क्लबांनी आपल्याकडचे वेल्श खेळाडू सोडलेच नाहीत. मग सामना ठेवलाच कशाला? तिकिटं खपतात म्हणून. वेल्सच्या रग्बी युनियनला पैसा हवा होता, त्यासाठी उरलीसुरली पोरं जगज्जेत्यांपुढं उभी केली. मी ज्या शहरात राहते तिथं पुढचे कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ कोल्हापुरातून मला फोनवर पटवत होता की आता तालमींचे फुटबॉल संघ बंद करायची वेळ आलीय.

त्याचं म्हणणं असं. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा आणि तरुण मंडळांचा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. संघाचं नाव घेतलं की पेठ कळते, गल्ली कळते, बऱ्याचदा आडनावंही कळतात. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरतं आणि अधूनमधून सामना गॅलरीतच सुरू होतो. मग दगड, मग रस्त्यावर पाठलाग, मग पोलीस, मग बारावीतल्या पोरांवर गुन्हे. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘हुल्लडबाजी’ आणि महिनाभर बैठका. "तायडे, पेठ हाय म्हणून भांडण हाय. पेठच काढून टाकली की मिटलं." त्याला हव्यात पाच-सहा फ्रँचायझी, खेळाडूंचा लिलाव, पैसेवाले मालक, रात्रीचे सामने, टीव्हीवर प्रक्षेपण. वर मलाच पुरावा देतो, "तुमच्या रग्बीला बघ की, दोन्हीकडची लोकं मांडीला मांडी लावून बसत्यात."

बसतात, हे खरं आहे. वेल्सचं मोठं स्टेडियम कार्डिफ शहराच्या ऐन मध्यावर, टॅफ नदीच्या काठाला आहे. सुमारे ७४,००० माणसं मावतात, वर उघडमीट होणारं छप्पर. सामन्याच्या दिवशी वेस्टगेट स्ट्रीट गाड्यांना बंद. डॅफोडिलच्या आकाराच्या पिवळ्या टोप्या घातलेली साठीची माणसं, हातात बिअरचे प्लॅस्टिकचे ग्लास, आणि एकाच घरात सासरा वेल्सच्या लाल जर्सीत, जावई इंग्लंडच्या पांढऱ्या. याच देशात फुटबॉलच्या सामन्याला पाहुण्या समर्थकांना वेगळ्या कोपऱ्यात बसवतात. रग्बीला ज्याचं तिकीट जिथं, तो तिथं. मी एकटी बाई जाऊन बसते, कुणी वळून बघत नाही. लहानपणी शाहू स्टेडियमवर काकांबरोबर जायचे, तेव्हा गॅलरीत शिव्या सुरू झाल्या की काका भडंगाची पुडी माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तू खा, तिकडं बघू नको." शिव्या काय डोळ्यांनी बघायच्या असतात?

तेव्हा भावाला हेवा वाटतो तो मला कळतो. पण तो ज्याचा हेवा करतो ते फ्रँचायझीनं आलेलं नाही. रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाली १९९५ साली. मिसळून बसायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. आणि मैदानातली शिस्त येते ती रेफरीभोवतीच्या नियमांमधून. रेफरीला माइक लावलेला असतो, त्याचा शब्द न् शब्द टीव्हीवर ऐकू येतो आणि स्टेडियममध्ये छोटा रेडिओ कानाला लावला तर तिथंही. त्याच्याशी बोलायचं ते कर्णधारानं. पेनल्टी दिल्यावर कुणी तोंड वाजवलं तर पेनल्टीची जागा १० मीटर पुढं सरकते. सव्वाशे किलोचा गडी ‘येस सर’ म्हणून मुकाट मागं फिरतो, कारण त्याच्या एका शिवीची किंमत पंधराही जणांना मोजावी लागते.

म्हणून ही सगळी देवमाणसं आहेत असं कुणी समजू नये. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या सॅम केनला रेड कार्ड मिळालं, पुरुषांच्या अंतिम सामन्यातलं पहिलंच. दक्षिण आफ्रिका १२-११ अशी जिंकली आणि रेफरी वेन बार्न्स आणि त्याच्या घरच्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. टीव्हीवर बघून निर्णय देणाऱ्या टॉम फोलीनं तर त्यानंतर आंतरराष्ट्रीय सामनेच सोडले. गॅलरीत शेजारी बसून पाठीवर थाप मारणारा माणूस घरी जाऊन मोबाइलवर काय लिहितो ते आपण बघितलेलं नसतं. त्या ७३-० च्या सामन्यात तरी काय झालं? जिंकत असलेल्या संघाच्या एबेन एट्झेबेथला प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्याला हात घातला म्हणून बाहेर काढलं, पुढं १२ आठवड्यांची बंदी. एवढी गुणसंख्या फळ्यावर असताना! कोल्हापूरची पोरं निदान हरल्यावर तापतात.

सांगायचं ते हे की नियम उसना घेता येतो. फक्त कर्णधारानं रेफरीशी बोलायचं, ही पद्धत २०२४ च्या युरो स्पर्धेत फुटबॉलनंही उचलली. कोल्हापूरच्या लीगमध्ये ती लावायला केएसएला, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला, मालक नको, लिलाव नको, दिव्यांचे खांब नकोत. एक परिपत्रक पुरे.

आता वेल्सनं काय केलं ते सांगते, कारण भावाला पाहिजे ते सगळं यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी करून बघितलंय.

दक्षिण वेल्स म्हणजे कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि दर दोन-चार मैलांवर एक रग्बी क्लब. क्लब गावाचा. खाणीतून वर आलेला माणूस शनिवारी क्लबात, त्याचा पोरगा संघात. हे क्लब किती तयारीचे होते बघा. दौऱ्यावर आलेल्या न्यूझीलंडच्या संघाला स्वॉन्झीनं १९३५ साली हरवलं, कार्डिफनं १९५३ साली, न्यूपोर्टनं १९६३ साली आणि लानेलीनं ३१ ऑक्टोबर १९७२ ला, ९-३. देशाच्या संघांनी नव्हे, गावांनी. एखाद्या तालमीच्या संघानं शाहू स्टेडियमवर ब्राझीलला हरवावं तसं. लानेलीत तो ९-३ चा आकडा आजही शाळकरी पोरांना पाठ असतो.

२००३ साली युनियननं ठरवलं की एवढे व्यावसायिक क्लब परवडत नाहीत. नऊ क्लबांचे पाच प्रादेशिक संघ केले. नीथ आणि स्वॉन्झी, जन्माचे वैरी, एका जर्सीत घातले. पाँटीप्रीद आणि ब्रिजेंड यांचं मिळून ‘सेल्टिक वॉरियर्स’ असं एक नाव तयार केलं, जे नकाशावर कुठंच सापडत नाही. वर्षभरात, २००४ साली, तो संघ गुंडाळला. खोऱ्यांमधला अख्खा पट्टा वरच्या दर्जाच्या संघाविना राहिला. माझ्या ऑफिसात पाँटीप्रीदचा एक साठीकडं झुकलेला सहकारी आहे. त्याला म्हटलं, कार्डिफचा संघ अर्ध्या तासावर आहे, तिकडं का जात नाहीस? तो म्हणाला, "लहानपणापासून ज्यांना हरवायला जायचो, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू?" तो देशाचा सामना चुकवत नाही, गावातल्या खालच्या दर्जाच्या क्लबाचा सामनाही पावसात उभं राहून बघतो. मधला सगळा मजला त्याच्यासाठी रिकामा आहे.

इथं माझ्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर भाऊ सांगेलच. प्रादेशिक संघ आल्यानंतरच वेल्सनं २००५, २००८, २०१२ आणि २०१९ असे चार ग्रँड स्लॅम मारले, म्हणजे त्या वर्षी सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकले. दोनदा विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली. अ‍ॅलन विन जोन्ससारखा माणूस याच व्यवस्थेत स्वॉन्झीच्या ऑस्प्रीज या प्रादेशिक संघाकडून खेळत मोठा झाला. म्हणजे व्यवस्था अगदीच टाकाऊ नव्हती. पण तिनं एक पिढी वर काढली आणि खाली पाणी घालायचं राहिलं. ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात वेल्स ओळीनं १८ आंतरराष्ट्रीय सामने हरला. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडनं कार्डिफमध्ये येऊन ६८ गुण केले. एप्रिलमध्ये कार्डिफचा क्लब आर्थिक संकटात सापडला, युनियनलाच तो ताब्यात घ्यावा लागला. उरलेल्या चार प्रादेशिक संघांतले दोनच ठेवावेत असा युनियनचा विचार होता, आरडाओरड झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये तीनवर तडजोड झाली. पाचाचे चार, चाराचे तीन. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की संघ कमी केले की ताकद वाढेल.

"मग आयर्लंडचं काय?" भाऊ आता बऱ्यापैकी रग्बी बघायला लागलाय. आयर्लंडचे चारच व्यावसायिक संघ आहेत आणि देश अव्वल संघांत आहे, बरोबर. पण लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट हे त्या बेटाचे जुने प्रांत आहेत, कुणा सल्लागाराच्या पाटीवर जन्मलेले नाहीत. आणि लेन्स्टरच्या यशाचं गुपित म्हणाल तर डब्लिनच्या शाळा. तिथं शालेय चषकासाठी पोरं जी मर मर मरतात, त्यातून खेळाडू येतात. आमच्याकडं अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, तालमीत नव्हे, हा भावाचा आवडता मुद्दा. कबूल. त्यातून निघतं काय? की कोल्हापूरच्या शाळांना चांगले प्रशिक्षक पाहिजेत. जर्सीवरचं पेठेचं नाव खोडल्यानं तो प्रशिक्षक कुठून येणार?

मालक आले की स्थैर्य येतं, हेही आता कुणी मला सांगू नये. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब २०२२-२३ च्या एका हंगामात कोलमडले. आपल्याकडं फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली, तिची जागा हैदराबादनं घेतली आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघ दिल्लीला गेला. त्याच वर्षी आयएसएल करारांच्या घोळात लटकली. १८८९ पासूनच्या कोलकात्याच्या मोहन बागान क्लबाच्या नावाआधी एटीके या फ्रँचायझीचं नाव चिकटवलं, तेव्हा समर्थकांनी तीन वर्षं रान उठवून ते काढायला लावलं. कोलकात्यात ते जमलं कारण तिथं नावासाठी भांडणारा माणूस होता. पुणे सिटीसाठी पुण्यात कोण रस्त्यावर आलं?

बाहेरच्या खेळाडूंबाबत मात्र मी भावाच्या बाजूची. पैसे मोजून हंगामापुरते परदेशी खेळाडू आणायचे आणि तालमीत वाढलेल्या पोरानं बाकावर बसायचं, हे पटत नाही. रग्बीत दुसऱ्या देशाकडून खेळायला आधी तीन वर्षांचं वास्तव्य लागायचं, ते पाच केलं. पण त्या जुन्या तीन वर्षांच्या नियमातून आलेला दक्षिण आफ्रिकेचा डुहान व्हॅन डर मर्व स्कॉटलंडसाठी ट्रायमागून ट्राय (रग्बीतला गोलच म्हणा) करतोय. तो इंग्लंडला लोळवतो तेव्हा मलाही मजा येते, खोटं कशाला बोलू. पण पेठेचा संघ म्हणायचं तर अकरात पेठेचे किती, हे मोजलं पाहिजे आणि आकडा नियमात लिहिला पाहिजे.

मारामारीचं म्हणाल तर ती तालमीमुळं होते असं मला वाटत नाही. उलट ज्याला आवरायचं त्याचं घर माहीत असतं ते तालमीमुळंच. तालमीत हौदाच्या वरच्या खोलीत चषकांचं कपाट असतं, शेजारी मारुतीची तसबीर, कठड्यावर वाळत टाकलेल्या जर्सी आणि खुर्चीत एक वस्ताद किंवा अध्यक्ष, ज्याच्यापुढं सगळ्यात वांड पोरगाही मान खाली घालतो. दगड मारणाऱ्याच्या संघाचे गुण कापा, समर्थकांविना सामने खेळायला लावा, रक्कम तालमीकडून वसूल करा. बघा पोरगं कोण आवरतं ते. फ्रँचायझीचा मालक मुंबईत बसून कुणाचं बखोट धरणार?

वेल्समध्ये ठरलेले तीन संघ असे आहेत: राजधानीत एक, पूर्वेला एक, पश्चिमेला एक. पश्चिमेला सध्या दोन आहेत, लानेलीचा स्कार्लेट्स आणि स्वॉन्झीचा ऑस्प्रीज. म्हणजे यांतला एक जाणार किंवा दोघांचं मिळून काहीतरी तिसरंच होणार. हे मी भावाला समजावून सांगितलं आणि म्हटलं, चल, तुझ्या लीगची सुरुवात आपल्यापासून करू. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ मिळून एकच संघ. जर्सी एक, गॅलरी एक, मालक तू म्हणशील तो.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "नाव कुणाचं लागणार?"

म्हटलं, चिठ्ठी टाकू.

"चिठ्ठी कशाला? नाव आमचं, मग बाकी तुम्ही म्हणशीला तसं."