क्रीडा विभाग भरभराटीला आणायचाय? आधी मांडववाल्याचा नंबर घ्या

अभिनंदन. यंदा जिमखाना तुमच्याकडे आला. तुम्ही प्राचार्य असाल आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती उंबऱ्यावर असेल, किंवा संस्थेचे सचिव असाल, नाहीतर "सर, तुमची तब्येत बरी आहे, तुम्हीच बघा आता खेळाचं" एवढ्या पात्रतेवर कार्यभार गळ्यात पडलेले अर्थशास्त्राचे प्राध्यापक असाल. कुणीही असा. क्रीडा विभाग वाढवणं अजिबात अवघड नाही. त्यात खेळाडूंची लुडबुड तेवढी होऊ द्यायची नाही.

सुरुवात फ्लेक्सपासून. मुलगा विद्यापीठात तिसरा आला की गेटवर दहा बाय वीसचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. वरच्या ओळीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार. मधे प्राचार्य. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे बांबू येतो, तिथे मुलगा. त्याचं आडनाव चुकलं तरी चालतं. सहसचिवांचं चुकलं तर फ्लेक्स पुन्हा छापावा लागतो.

खेळाडू घडवायच्या फंदात पडू नका. दहा वर्षं कुठल्या तरी तालमीनं, गावच्या संघानं किंवा एखाद्या पीटीच्या मास्तरांनी ते करून ठेवलेलं असतं. तुम्ही जुलैत जायचं, फीमाफीचा शब्द द्यायचा आणि बी. ए. भाग एकला नाव घालायचं. मुलगा सराव तिकडेच करतो, राहतोही तिकडेच; कॉलेजचं तोंड बघतो ते अर्जावर फोटो चिकटवायला. पदक मात्र आपल्या खात्यात आणि नॅकच्या अहवालात. जी पोरं रोज सकाळी आपल्याच मैदानावर धावतात, त्यांचे पात्रता अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी साडेचारला भरायला घ्या. बारावीची गुणपत्रिका, मागच्या वर्षाचा निकाल, फीची पावती, वय १७ ते २५ असल्याचा दाखला, यातलं एक तरी राहतंच. मग मुलगी विभागात पहिली येते आणि पुढच्या यादीत तिच्या नावापुढे 'अपात्र' लागतं. रडली तर सांगायचं, विद्यापीठाचे नियम फार कडक आहेत.

खरेदी ३१ मार्चच्या आठवड्यात. तीन कोटेशन, तीन लेटरहेड, दुकान एक. चेंडू एप्रिल-मे कपाटात बसतात. जूनमध्ये हवा भरताना पिन कोरडीच खुपसावी. ग्लिसरीनचा एक थेंब लावला तर व्हॉल्व्ह टिकतो आणि मग पुढच्या मार्चला खरेदी कशाची दाखवणार? व्हॉलीबॉल दगड होईपर्यंत फुगवावा. नियमात दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो दाब लिहिलाय, पण दाब मोजायचं मीटर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असतं, कपाटात नसतं. भाले कोपऱ्यात तिरके टेकवून ठेवले की दोन महिन्यांत धनुष्य होतात. आणि गोळा काट्यावर ठेवायचा मोह टाळा. लेबलवर ७.२६ किलो आहे ना, मग बास. तो हलका भरला तर मुलगा वर्षभर खूश राहतो. स्पर्धेत खरा गोळा हातात पडेल तेव्हा त्याचं तो बघेल.

जिमची चावी शिपायाकडे. शिपाई साडेदहाला येतो.

प्रथमोपचार पेटीत बर्फ सोडून सगळं असावं.

वार्षिक क्रीडा महोत्सव फेब्रुवारीत घ्या. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा साधारण दिवाळीच्या आगेमागे, त्यातून निवडलेले संघ डिसेंबर-जानेवारीत आंतरविद्यापीठला. म्हणजे कॉलेजात कोण चांगलं धावतं हे आपल्याला कळतं तेव्हा मोसम संपलेला असतो. निवड चाचणीची कटकट नाही, कुणाचा रुसवा नाही. महोत्सवाची वेळ पत्रिकेवर सकाळी आठ. प्रमुख पाहुणे पावणेअकराला. दीपप्रज्वलन, मशाल, संचलन, कबुतरं, मनोगत, अध्यक्षीय. तोवर पोरं वॉर्मअप करून, थंड पडून, वडापाव खाऊन मोकळी. पाच हजार मीटर बरोबर साडेबाराला सुटते. वेळ घ्यायला ज्यांचा तास ऑफ आहे ते सर उभे करा. ते शर्यत सोडायच्या लाकडी क्लॅपरचा आवाज ऐकून घड्याळ दाबतील. फळ्या मिटताना डोळ्यांनी बघून दाबायचं असतं, कारण १०० मीटरवर आवाज पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. पण सर पाहुण्यांकडे बघत असतात. तेवढी ०.३ सेकंदं आपल्या पोरांच्या नावावर फुकटात जमा. विद्यापीठाच्या मैदानावर ती परत घेतली जातात.

आता मुख्य विषय. मैदान.

मैदान मोकळं दिसलं की ते वाया चाललंय असं समजावं. स्नेहसंमेलन आहे, माजी विद्यार्थी मेळावा आहे, रोजगार मेळावा आहे, साहेबांची सभा आहे, विश्वस्तांच्या पुतण्याचं रिसेप्शन आहे. क्रीडा विभागाच्या वाढीत मांडववाल्याचा वाटा प्रशिक्षकापेक्षा मोठा असतो. परवाच एका कॉलेजात संमेलनाचा मांडव उतरला आणि पाचव्या दिवशी त्याच मैदानावर मैदानी स्पर्धा होत्या. तिसऱ्या लेनमध्ये, ऐन वळणावर, गुडघाभर खड्डा. खड्ड्यात नारळाची करवंटी, त्यावर मूठभर खडी, आणि त्या खडीवरून फक्की मारून लेनची रेषा इमानेइतबारे पुढे नेलेली. पाच सेंटिमीटर रुंद, अगदी नियमात!

मांडव घालायची रीत अशी. सगळ्यात आधी केंद्राची खुंटी उपटायची. ४०० मीटरच्या ट्रॅकला दोन वळणं असतात, त्रिज्या ३६.५० मीटर, सरळ भाग ८४.३९ मीटर. दोन्ही वळणांच्या केंद्रावर लोखंडी खुंटी सिमेंटात, जमिनीच्या पातळीला बसवलेली असते. ती असली की स्टीलची टेप लावून एका सकाळी ट्रॅक आखून होतो. ती नसली की काटकोन काढण्यापासून सुरुवात. पण ती स्टेजच्या पायाला आडवी येते. मांडववाला पहारीनं काढतो, कडेला फेकतो, भंगारवाला उचलतो. मग घाईत कापडी टेपनं, जी ओढली की लांबते, अंदाजानं वळण मारायचं. ४०० मीटरला दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनला सुरुवातीला पुढे दिलेलं अंतर, ७.०४ मीटर आणि तिसऱ्याचा १४.७० मीटर असतो, तो एकाच केंद्रावरून मारलेली वळणं आणि १.२२ मीटरची लेन धरून काढलेला. केंद्रच हललं तर ते आकडे कुठून बसणार? तिसऱ्या लेनचा पोरगा चार मीटर जास्त धावतो आणि हरतो. त्याला कुणी सांगतही नाही.

मग खड्डे. मोठ्या मांडवाला पन्नास-साठ सहज. बांबू निघाला की आत जे हाताला लागेल ते ढकलायचं: खडी, विटांचे तुकडे, पत्रावळी. खड्डा नीट बुजवायचा तर मोकळा कचरा आधी बाहेर काढावा लागतो, तळाशी पाणी मारावं लागतं, मुरूम आणि माती चार-चार बोटांच्या थरात टाकून प्रत्येक थर धुमसानं ठोकावा लागतो, वर बोटभर उंचवटा ठेवावा लागतो, कारण पहिल्या पाण्याला तो बसतो. रोलर दुसऱ्या दिवशी, माती पायाला चिकटायची थांबल्यावर. एका खड्ड्याला वीस मिनिटं धरा. साठ खड्डे म्हणजे दोन माणसांचे अडीच दिवस. एवढा वेळ कुणाला आहे? खडी टाकली की एका तासात मोकळे. तिच्यावर स्पाइक्सचा पाय पडला की घोटा आतल्या बाजूला वळतो, बाहेरचा अस्थिबंध ताणतो आणि त्या मुलाचा मोसम तिथं संपतो. पेटीत बर्फ नाही हे वर आलंच आहे.

खिळे राहिले. लोखंडी तारा, झालरीच्या टाचण्या, तुटक्या ट्यूबच्या काचा. जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधून मैदानभर ओढलं तर निम्मं लोखंड निघतं, खर्च शून्य. म्हणूनच करत नसावेत. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू पाण्याच्या टाकीखाली बैठक करायला नेलेली असते. उरलेल्या वाळूत माती मिसळून ती पाटीसारखी घट्ट झालेली. नदीची धुतलेली वाळू, हातभर खोल, उडीआधी फावड्यानं उकरून आणि पाणी मारून घ्यायची असते. तुमच्या खड्ड्यात पोरगी टाचांवर पडते तेव्हा आवाज येतो. तो मंडपातल्या डीजेत ऐकू आला नसेल.

गोळाफेकीचं क्षेत्र आखायला मात्र कोनमापक लागत नाही, बरं का. कोन ३४.९२ अंशांचा. फेकीच्या वर्तुळाच्या केंद्रापासून २० मीटरवर दोन रेषांत १२ मीटर अंतर ठेवलं की तो आपोआप येतो. शाळेतल्या पोराला जमतं. कॉलेजांत ते अजूनही डोळ्यांनी आखतात.

मुलींच्या संघाबद्दल एकच सूचना: स्पर्धेच्या दोन दिवस आधी तयार करा. एनसीसीतून पाच, वसतिगृहातून चार. त्याच नऊजणी सोमवारी कबड्डी, बुधवारी खो-खो, शुक्रवारी व्हॉलीबॉल. कबड्डी त्या वर्षभर मातीवर खेळल्या तर खेळल्या. स्पर्धा मॅटवर असते, मॅटला वेगळे बूट लागतात, हे त्यांना तिथं गेल्यावर कळू द्या. कपडे बदलायला खोली? आहे की. ती स्टोअररूम. आत मांडवाच्या खुर्च्या आहेत. स्वच्छतागृहाला कुलूप आहे आणि चावी, वर सांगितलं तसं, साडेदहाला येते. मुली सरावाला सकाळी सहाला येतात. पाणी न पिता धावतात, का ते तुम्हाला माहीत आहे. आणि मग तुम्हीच अहवालात लिहिता, "विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प."

अल्प? तुमच्या त्या कुलपाला प्रतिसाद द्यायचा का त्यांनी?

कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाला परीक्षेचं पर्यवेक्षण लावता, प्रवेश समितीत घालता, शिस्त समितीत घालता, निवडणुकीच्या कामाला सोडता, पाहुण्यांना आणायला स्टेशनवर पाठवता, माइक टेस्टिंगला उभं करता. वर विचारता, पदकं का नाहीत? तो मैदानावर जाणार कधी? विद्यार्थ्यांकडून जिमखान्याची फी दरवर्षी घेता. त्या पैशातून खेळाडूला मिळणारा भत्ता मिसळीच्या दोन प्लेटमध्ये संपतो, आणि पोरं अनारक्षित डब्यात दारापाशी बसून स्पर्धेला जातात. पहाटे उतरून सकाळी धावतात.

१५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन म्हणून तुम्ही खाशाबा जाधवांच्या फोटोला हार घालता. फोटो कुठं ठेवता? त्याच मांडवात. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. ही गोष्ट तुम्ही भाषणात डोळ्यांत पाणी आणून सांगता. तुम्हाला घर गहाण टाका असं कुणी म्हटलेलं नाही हो. साठ खड्डे बुजवायला सांगितलेत. मांडववाल्याची अनामत त्याच्या हातात ठेवण्याआधी मैदानावर एक चक्कर मारायला सांगितलीय, बूट काढून, अनवाणी. मारा एकदा. तिसऱ्या लेननं चाला.

आणि ती खुंटी शोधा. भंगारात गेली असेल तर नवी आणा, हातभर सळई लागते फक्त. सिमेंटात बसवा, वर लाल रंग द्या, आणि पुढचा मांडव घालणाऱ्याला ती कुठं आहे ते आधी दाखवा.